पावसाळ्यात पुन्हा पट्टा ओढू लागणारा अमेरिकन बुलडॉग: कारणे आणि उपाय

जून लागला की आमचा खंडू पट्टा ओढायला लागतो. मेअखेरपर्यंत माझ्या डाव्या गुडघ्याशी शिस्तीत चालणारा हा अमेरिकन बुलडॉग पहिल्या दोन-तीन आठवड्यांच्या पावसानंतर असा काही बदलतो की वर्षभर शिकवलेले त्याच्या गावीही नाही असे वाटावे. सलग दोन वर्षे हे घडले. दुसऱ्या वर्षी, रस्त्यात बसलेली गाय दिसताच त्याने माझ्या पत्नीला घरासमोरच्या चिऱ्याच्या पायऱ्यांवरून खाली ओढले. पायरीवर शेवाळ होते, तिचे मनगट मुरगळले, आणि त्या दिवसापासून ‘कुत्रा हट्टी झाला’ या मोघम निदानावर समाधान मानणे मी सोडले. तिसऱ्या पावसाळ्यात प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. आम्ही माशेलजवळ राहतो. गोव्यात अशी ताकदवान जात पाळणाऱ्या इतरांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहितो आहे, कारण या जातीविषयी मिळणारा बहुतेक सल्ला थंड, कोरड्या हवेच्या प्रदेशांत तयार झालेला असतो आणि तो इथल्या आषाढात जसाच्या तसा लागू पडत नाही.

आधी जातीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण निम्मे उत्तर तिथेच आहे. इंग्लंडमधून अमेरिकेच्या दक्षिण भागात गेलेल्या वसाहतकरांनी आपले कामाचे बुलडॉग सोबत नेले आणि तिथल्या शेतांवर त्यांना दोन कामे दिली: मोकाट सुटलेली गुरे पकडणे आणि पिकांची नासधूस करणाऱ्या रानटी डुकरांना धरून ठेवणे. मालक येईपर्यंत जनावराला जागेवर रोखून धरणारा कुत्रा तो चांगला कुत्रा, या एकाच निकषावर पिढ्यान्‌पिढ्या निवड होत गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर ही जात जवळजवळ संपली होती, जॉन डी. जॉन्सन आणि ॲलन स्कॉट या दोघांनी उरलेली कुत्री शोधून ती पुन्हा उभी केली, आणि म्हणूनच आजही जॉन्सन धाटणीचा जड, आखूड तोंडाचा आणि स्कॉट धाटणीचा सडसडीत, चपळ असे दोन प्रकार ओळखले जातात. युनायटेड केनेल क्लब या श्वानजातींची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन संस्थेने या जातीला १९९९ साली मान्यता दिली. नराचे वजन साधारण ३५ ते ५५ किलो भरते. खंडू ४३ किलोचा, स्कॉट धाटणीकडे झुकणारा आहे. आपल्याकडे पुष्कळ जण अमेरिकन बुली आणि अमेरिकन बुलडॉग एकच समजतात, तसे नाही. बुली ही अलीकडे तयार झालेली, मुख्यत्वे सोबतीसाठी जोपासलेली वेगळी जात आहे, आणि तिच्यासाठी आखलेला दिनक्रम बुलडॉगला पुरत नाही.

आता पावसाळ्यातला गोव्याचा रस्ता डोळ्यांसमोर आणावा. शेतात आणि माळावर चिखल झाला की गुरे कोरडे, उबदार डांबर शोधत रस्त्यावर येऊन बसतात. माशेलहून खांडोळ्याकडे जाताना संध्याकाळी एकेका वळणावर सहा-सात गाई रवंथ करत बसलेल्या असतात. गुरे धरण्यासाठीच घडवलेल्या कुत्र्याला आपण रोज सायंकाळी नेमके त्यांच्यामधून नेतो, आणि तो ओढतो म्हणून रागावतो. खंडू गाईला पाहतो तेव्हा भुंकत नाही, गुरगुरत नाही. त्याचे तोंड मिटते, धापा थांबतात, कान पुढे येतात, शेपूट पाठीच्या रेषेत स्थिर होते आणि शरीराचा सगळा भार पुढच्या पायांवर सरकतो. ही स्थिती जेमतेम दोन सेकंद टिकते. त्यानंतर पट्ट्याला जो हिसका बसतो तो खांद्यापर्यंत जाणवतो. या दोन सेकंदांना मी फार महत्त्व देतो, कारण जे काही करायचे ते त्यांच्या आत किंवा त्यांच्याही आधी करावे लागते.

सर्वप्रथम दुखणे तपासून घ्यावे

वागण्यातला कोणताही अचानक बदल आधी पशुवैद्यकाला दाखवावा, प्रशिक्षकाला नंतर. खंडूच्या बाबतीत दोन्ही वर्षी जूनमध्ये उजव्या कानात बुरशीचा संसर्ग झालेला निघाला. डोके सारखे झटकणे, कानाला आंबूस वास येणे, पायाच्या बोटांमधली कातडी लाल होणे आणि ती चाटत राहणे ही लक्षणे मी ‘पावसाळ्यात होतेच’ म्हणून सोडून दिली होती. खाज आणि ठणका सहन करणाऱ्या प्राण्याचा धीर आधीच संपत आलेला असतो. अशा वेळी त्याच्याकडून संयमाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. मोठ्या, जड जातींमध्ये खुब्याचे आणि गुडघ्याचे दुखणेही आढळते, आणि ओल्या लादीवर पाय घसरल्याने ते वाढते. बसायला सांगितल्यावर कुत्रा बसत नसेल, तर त्याला बसताना दुखते का, हा प्रश्न आधी विचारावा. आता आम्ही प्रत्येक फेरीनंतर बोटांमधली जागा सुती फडक्याने कोरडी करतो, आठवड्यातून एकदा कान पाहतो आणि गोचिडींचे औषध पावसाळ्यातही चुकवत नाही, कारण गोचिडताप इथे बारमाही आहे.

जूनमध्ये नेमके काय बदलते

दुसऱ्या वर्षीच्या अपघातानंतर मी एक वही घातली. फेरीची वेळ, पाऊस, वाटेत काय भेटले, खंडूने कितीदा ओढले आणि पट्टा कोणाच्या हातात होता एवढेच त्यात लिहीत असे. महिन्याभराने ती वाचली तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली ती कुत्र्याविषयी नव्हती, छत्रीविषयी होती. पाऊस असलेल्या दिवशी माझ्या उजव्या हातात छत्री असे आणि डाव्या हातात पट्टा. एका हाताने ४३ किलो सांभाळायचे म्हणून मी पट्टा मनगटाला गुंडाळून अगदी आखूड आणि ताठ धरत असे. घसरण्याच्या भीतीने तर आणखी ताठ. पट्टा सतत ताणलेला असला की कुत्रा त्या ताणाच्या उलट दिशेने जोर लावतो, हा त्याच्या शरीराचा साधा प्रतिसाद आहे, आणि ज्या वर्षभरात मी त्याला ‘ढिला पट्टा म्हणजे चालणे’ असे शिकवले होते, त्याच्या नेमके उलटे शिक्षण मी जून महिन्यात स्वतःच्या हाताने देत होतो. छत्री सोडून रेनकोट घातला आणि दोन्ही हात मोकळे झाले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात ओढण्याच्या नोंदी जवळपास निम्म्यावर आल्या.

दुसरा बदल व्यायामाचा. उन्हाळ्यात सकाळी सहाच्या आत आणि रात्री जेवणानंतर अशा मिळून सुमारे दीड तासाच्या फेऱ्या होत. पावसात त्या वीस-पंचवीस मिनिटांवर आल्या होत्या, तीही घाईची, नाक जमिनीला लावू न देणारी चाल. तिसरा बदल वासांचा आहे. ओली माती आणि ओली पाने वास धरून ठेवतात, त्यामुळे कुत्र्याच्या दृष्टीने तोच रस्ता जूनमध्ये कितीतरी अधिक गजबजलेला असतो. चौथा बदल घरातला: सगळे जण आत असतात, दारे बंद असतात, आणि दिवसभर त्याच्या झोपेत व्यत्यय येतो. प्रौढ कुत्र्याला दिवसाचे बारा ते चौदा तास झोप लागते. झोप अपुरी पडलेला तरुण बुलडॉग थकल्यासारखा दिसत नाही, तो उधळल्यासारखा दिसतो. आपण त्याला आणखी दमवायला जातो आणि प्रकरण चिघळते.

साधने

एका प्रशिक्षकाने मला गळ्यात काटेरी साखळी घालायला सुचवले होते. मी ती तीन आठवडे वापरली याची खंत आहे. पहिले चार दिवस ओढणे थांबले. पुढे असे झाले की गाय दिसली की मान टोचते एवढाच संबंध खंडूच्या मनात पक्का झाला, आणि पूर्वी गाईंवर कधी न भुंकणारा कुत्रा लांबून गाय दिसताच केस ताठ करून भुंकू लागला. ज्याला केवळ धरायची ओढ होती, त्याच्यात मी भीती आणि राग मिसळला होता. ते उतरवायला पुढचे चार महिने लागले. गुरगुरण्याबद्दल मारणे याहूनही घातक असते, कारण मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणे बंद करतो, मनातली अस्वस्थता मात्र तशीच राहते, आणि मग चावा पूर्वसूचनेशिवाय येतो.

आता खंडूला छातीवर आणि पाठीवर अशी दोन कडी असलेला हार्नेस घालतो आणि दोन्ही टोकांना आकडे असलेला पट्टा दोन्ही कड्यांत अडकवतो. छातीवरच्या कडीमुळे ओढले की त्याचे अंग बाजूला वळते आणि त्याचा सगळा जोर सरळ रेषेत लागत नाही. कातडी पट्टा पावसाळ्यात बुरशी धरतो आणि वाळला की कडक होतो. साधी नायलॉनची पट्टी ओल्या हातातून सुटते. रबरासारखा लेप असलेला, पुसला की कोरडा होणारा पट्टा मला सर्वांत भरवशाचा वाटला. आपल्या दमट, खारट हवेत आकडे आतून गंजतात, म्हणून ते महिन्यातून एकदा उघडझाप करून पाहावेत. पट्टा मनगटाला कधीही गुंडाळू नये. त्याची मूठ अंगठ्यात अडकवून हात मिटावा, दुसरा हात खाली धरावा, दोन्ही हात बेंबीपाशी आणावेत आणि हिसका बसणार असे दिसताच गुडघे किंचित वाकवावेत. हे आधी अंगणात, कुत्र्याशिवाय, घरातल्या कोणाला तरी दुसरे टोक ओढायला सांगून शिकावे. माझ्या पत्नीने ते शिकून घेतले आहे आणि आता ती माझ्यापेक्षा स्थिर उभी राहते.

अंतरावरून शिकवणे

मुख्य काम हे आहे आणि त्याला पर्याय नाही. प्रत्येक कुत्र्याचे एक अंतर असते, ज्याच्या पलीकडे त्याला आकर्षणाची वस्तू दिसते पण त्याचे भान शाबूत राहते. सुरुवातीला गाईंच्या बाबतीत खंडूचे हे अंतर चाळीस पावले होते. त्या अंतरावर उभे राहायचे. त्याने गाईकडे पाहिले की लगेच, तोंड मिटण्याच्या आत, ठरलेला एकच शब्द उच्चारायचा (आमचा शब्द ‘छान’ आहे) आणि उकडलेल्या कोंबडीचा नखाएवढा तुकडा माझ्या गुडघ्याजवळ, पँटच्या शिवणीपाशी द्यायचा, म्हणजे तो घेण्यासाठी त्याला मान वळवावी लागते. तुकडा पुढे हात करून त्याच्या तोंडाशी नेऊ नये. सुमारे आठवड्याभरात तो गाय पाहून आपणहून माझ्याकडे वळू लागला. दहापैकी आठ वेळा असे घडले की पाच पावले पुढे; सहापेक्षा कमी वेळा घडले की दहा पावले मागे.

अंतर चुकले आहे हे ओळखण्याची एक खूण मला कोणी सांगितली नव्हती, ती बोटांनी शिकवली. शांत असताना खंडू तुकडा ओठांनी घेतो. उत्तेजना वाढू लागली की तोच तुकडा घेताना त्याचे दात बोटांना लागतात, आणि त्याही पलीकडे गेले की तो तुकडा घेतच नाही, तोंडातून पडू देतो. दात लागले की तिथेच थांबावे आणि मागे फिरावे. कुत्रा खात नाही म्हणजे त्याला भूक नाही असे समजणे चूक आहे; तो त्या क्षणी शिकण्याच्या स्थितीत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मागे फिरण्यासाठी ‘परत’ हा शब्द आम्ही अंगणात, काहीही समोर नसताना, शेकडो वेळा घोटून घेतला. शब्द ऐकताच माझ्याबरोबर पूर्ण वळायचे आणि सहा पावले चालल्यावर खाऊ मिळवायचा. वळणावर अचानक गुरे समोर आली तर हीच सवय कामी येते. तिथे उभे राहून ‘बस, बस’ असे ओरडण्याचा काहीच उपयोग होत नाही.

सकाळच्या पोदेराचा, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याचा, प्रश्न वेगळा होता. सहाच्या सुमारास सायकलचा भोंगा वाजला की खंडू फाटकावर झेप घेई, आणि पोदेर पुढे निघून गेला की आपण त्याला हाकलले असे मानून समाधानाने परत येई. रोज सकाळी त्याला हे बक्षीस मिळत होते. उपाय म्हणून सोप्याच्या (पडवीच्या) कोपऱ्यात एक गोणपाट अंथरले आणि त्यावर बसून राहण्याची सवय आधी भोंग्याशिवाय लावली. नंतर मुलाने मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलेला भोंगा हळू आवाजात लावून, आवाज ऐकला की गोणपाटावर जायचे असे शिकवले. शेवटी पोदेराला विनंती केली. तो भला माणूस. पंधरा दिवस रोज वळणावर मिनिटभर थांबून भोंगा वाजवी आणि मी हात वर केला की मगच पुढे येई. आज भोंगा वाजला की खंडू फाटकाऐवजी गोणपाटाकडे जातो. फाटक तरीही कडी घालून बंद असते आणि असलेच पाहिजे.

पावसात शक्ती कुठे खर्च करायची

चेंडू फेकत राहणे मी पूर्णपणे बंद केले आहे. त्याने कुत्रा दमतो, पण शांत होत नाही, आणि ओल्या जमिनीवर झटकन वळताना गुडघ्याला इजा होण्याचा धोका असतो. त्याऐवजी नाकाला काम द्यावे. सकाळचे अर्धे जेवण मी ताटलीत देत नाही. सोप्यावर दहा-बारा स्टीलच्या वाट्या पालथ्या घालतो आणि त्यांतल्या चार-पाचांखाली दाणे ठेवतो. सुरुवातीला नारळाची सोडणे पेटीत भरून त्यांत खाऊ लपवत असे, पण तो काथ्या गिळू लागला. आतड्यात अडकण्याचा धोका लक्षात घेऊन ते थांबवले, आणि वस्तू चावून गिळणाऱ्या कुत्र्यांच्या बाबतीत कोणीही तसे करू नये. वीस मिनिटे वास घेऊन शोधल्यावर खंडू जितका गाढ झोपतो तितका तासभराच्या धावण्याने झोपत नसे. पाऊस उघडला की कुळागरात (माडा-पोफळीच्या बागेत) दहा मीटरच्या दोरीवर त्याला हवे तिथे नाक घालू देतो. चालण्याचा वेग तो ठरवतो.

धरणे आणि ओढणे हा त्याचा स्वभावधर्म आहे, म्हणून त्यालाही नियमांत बसवलेली जागा दिली आहे. जाड दोरखंडाचा रस्सीखेचीचा खेळ दिवसातून पाच मिनिटे: मी ‘घे’ म्हटल्यावर सुरू, ‘सोड’ म्हटल्यावर तोंड उघडायचे, लगेच पुन्हा ‘घे’. सोडले की खेळ संपत नाही, उलट पुन्हा सुरू होतो, हे कळल्यावर त्याचे सोडणे आश्चर्य वाटावे इतके तत्पर झाले. शब्दांच्या बाबतीत घरात एकवाक्यता हवी. आमच्याकडे मी ‘बस’, आई ‘बैस’ आणि मुलगा ‘सिट’ म्हणत असे. आता फ्रिजवर सात शब्दांचा कागद चिकटवलेला आहे आणि आईसकट सगळे तेच शब्द वापरतात.

ही तयारी मे महिन्यातच सुरू करावी. मात्र मेच्या उकाड्यात कुत्र्याला दमवण्याचा अट्टहास करू नये. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो, आणि हवेत इतकी आर्द्रता असताना ती क्रिया नीट होत नाही. आखूड तोंडाच्या जातींत तर त्याहून कमी. धापांचा आवाज घोगरा झाला, जीभ रुंद होऊन कडा गडद लाल दिसू लागल्या किंवा चाल लटपटली, तर सावलीत नेऊन अंगभर नळाचे पाणी ओतावे, पंखा लावावा आणि तसेच ओल्या अंगाने डॉक्टरांकडे न्यावे. शरीराचे तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या वर गेले की जिवावर बेतते.

शेजारी आणि कायदा

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने तेवीस जातींवर निर्बंध सुचवणारे परिपत्रक काढले होते आणि त्यात अमेरिकन बुलडॉगचे नाव होते. एप्रिलमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते रद्द केले. त्यानंतर २०२५ साली गोवा विधानसभेने हिंस्र समजल्या जाणाऱ्या प्राण्यांविषयी विधेयक संमत केले. म्हणून नवे पिल्लू आणण्याआधी पंचायतीत आणि पशुसंवर्धन खात्यात सद्यस्थितीतला नियम विचारून घ्यावा, आणि आधीपासून कुत्रा असेल तर नोंदणी, रेबीजची लस आणि तिचे कार्ड अद्ययावत ठेवावे. गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले, ते सातत्याने झालेल्या लसीकरणामुळे. आपल्या घरातून त्यात खंड पडू नये.

खंडूला जाळीदार मुसके घालण्याची सवयही आम्ही लावली आहे. त्यात त्याला धापा टाकता येतात आणि पाणी पिता येते, आणि खाऊसाठी तो स्वतःच त्यात तोंड घालतो. जत्रेच्या दिवसांत किंवा दवाखान्यात ते घालतो. शेजारच्या काकी आधी मुसके पाहून घाबरत. आता मुसके घातलेले असले तरच त्या फाटकाशी थांबून बोलतात, आणि मला ते अगदी योग्य वाटते.

या वर्षी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात खांडोळ्याच्या वळणावर पाच गाई आणि एक वासरू बसले होते. आम्ही बारा पावलांवर होतो. खंडूने पाहिले, त्याचे तोंड मिटले, मी ‘छान’ म्हणायच्या आत ते पुन्हा उघडले आणि त्याने मान वळवून तुकडा ओठांनी घेतला. वहीत त्या दिवसापुढे ओढणे शून्य असे लिहिले आहे. दुसऱ्या दिवशी दोनदा ओढले होते. त्या सकाळी मी पुन्हा छत्री घेऊन निघालो होतो.